तांदळातलं नाव

वलगावच्या केशवरावांची बायको म्हणून इंदूबाई नांदायला आली ती चोपन्न साली, आणि आल्या दिवशीच तिला स्वतःच्या नावावर पाणी सोडावं लागलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने तिचं सासरचं नाव लिहिलं : शकुन. जमलेल्या बायका हळहळल्या, कारण शकुन हे केशवरावांच्या मेलेल्या बायकोचं नाव. बिजवराचा जीव पहिलीत अडकलाय म्हणून त्यांनी डोळेही पुसले. जिला ते नाव जन्मभर वागवायचं होतं तिच्या डोळ्यांकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

मग टाक आला. बिजवराशी लगीन लागलेल्या बाईने मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचा चेहरा. दोन टिंबं म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे तोंड. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, सणाचा घास आधी टाकाच्या तोंडाला लावायचा. सवत जिवंत असती तर निदान दुसऱ्या खोलीत तरी निजली असती!

सासू रुख्मिणीबाई सुनेशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघायचीच नाही. नजर टाकावर. "शकुन, वांगे तोडले काय वं?" असं टाकाला विचारायची आणि उत्तर इंदूने द्यायचं. पहिलं वर्षभर इंदूला याचं हसू येई. वाडीत एकटी असली की ती सासूची नक्कलही करी.

घर माळ्याचं. पेढी नदीच्या काठी भाजीची वाडी. दुपारी मेथी-पालक उपटून जुड्या बांधायच्या आणि सकाळी अमरावतीच्या इतवारा बाजारात न्यायच्या. जुडी बांधण्याची प्रत्येक बाईची तऱ्हा निराळी असते. इंदूची माहेरची तऱ्हा अशी की केळीच्या वाळल्या सोपटाचे दोन वेढे द्यायचे आणि टोक उजवीकडे खोचायचं. शंभर जुड्यांच्या ढिगातून ती आपली जुडी काढून दाखवी. त्या घरात तिचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी टोपलं भरत आलं तेव्हा तिचं लक्ष गेलं. सगळ्या जुड्यांना तीन वेढे होते आणि टोक डावीकडे. तिने एक जुडी सोडून पुन्हा बांधली. तीन वेढे, डावीकडे. पुन्हा सोडली, दात आवळून बांधली. तेच. बोटं तिचीच होती, पण तिचं ऐकत नव्हती. शेजारी बसलेल्या सासूने एक जुडी उचलून उलटसुलट केली आणि म्हातारीचा चेहरा असा फुलला की इंदूने हातातली जुडी टाकून दिली.

"आली वं तू शकुन," रुख्मिणीबाई टाकाला म्हणाली. "तुहीच गाठ हाये ही."

त्यानंतर एकेक सुटत गेलं. इंदूला कारल्याची भाजी फार आवडायची, ती घशाखाली उतरेना. माहेरची कोणी बाई बाजारात "इंदू, ए इंदू" म्हणून ओरडली तरी ही मागे वळून पाहीना. केशवराव मात्र खूश. "अगदी तशीच हायेस तू," असं ते एकदा लाडाने म्हणाले आणि ती रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली. एकदा तर तिने टाक काढून गाडग्यात ठेवला आणि जुड्या बांधायला बसली. हात मांडीवर पडून राहिले. सोपट धरायचं कसं हेच त्यांना ठाऊक नव्हतं, ना तिच्या तऱ्हेने, ना शकुनच्या. दिवस कलेपर्यंत ती त्या हातांकडे बघत बसली. टाक परत गळ्यात घातला तशी बोटं मुकाट चालू लागली. तेव्हा ती फार भ्याली. आपण मरणार नाही, आपण नुसत्या पुसल्या जाणार आणि घरात कोणाला पत्ताही लागणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं.

सवतीची आई ती आपली आई, हेही त्याच रीतीत येतं. बाळापूरची माणिकबाई दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बोलावणं धाडायची आणि इंदू सात वर्षं टाळत आली होती. एकसष्ट साली ती आपण होऊन निघाली. शकुन कशी होती ते एकदा नीट कळलं, तर आपल्यातलं तिचं कोणतं आणि आपलं कोणतं ते निवडून वेगळं काढता येईल, एवढीच तिची आशा होती. अकोल्याला एस.टी. बदलून ती भर दुपारी माणिकबाईच्या दारात उभी राहिली.

माणिकबाईने सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. "ये वं माय. नाव काय तुहं?"

इंदूला क्षणभर आठवेचना. "इंदू," ती शेवटी म्हणाली आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "माय, शकुनले जुड्या बांधाले तुमीच शिकोलं काय?"

"शकुन कोन?"

"तुमची पोरगी."

"माह्या पोरीचं नाव पंचफुला. शकुन तिले तुमच्या घरी केलं, तांदळात लिहून. आन जुड्या? आमच्या घरी ज्वारी अन् कापूस. इथं जुडी कोन बांधते?" माणिकबाईने आपल्या पदराचं टोक हातात घेतलं. "लगनाच्या दुसऱ्या वर्षी आली तवा मातर दिवसभर पदराच्या टोकाले वेढे घालत बसे. तीन वेढे. मले म्हने, माय, मी आंधी अशी नोती न?"

इंदूने आपली बोटं मुठीत घट्ट आवळून धरली. माणिकबाईची नजर आता कुठे टाकाकडे गेली. तिने तो उचलून मागची कडी पाहिली. कडी तांब्याची होती.

"हा तं पंचफुलाच्या गळ्यातला! कडी तुटली तवा मीच सोनाराकडून बसोली."

पंचफुलाच्या गळ्यातही टाक होता, म्हणजे तिच्याही आधी एक होती. अगदी लहानपणी लग्न होऊन आलेली, वर्षाच्या आत गेलेली. ते माणिकबाईला माहीत होतं. इंदूच्या बापाला मात्र कोणी सांगितलं नाही, कारण तिजवराला पोरगी कोण देतो? सुनेच्या गळ्यात दोन टाक दिसले असते तर बिंग फुटलं असतं. म्हणून रुख्मिणीबाईने नवा टाक केलाच नाही. मेलेल्या पंचफुलाच्या गळ्यातला काढून इंदूच्या गळ्यात घातला. आपल्या पोरीचा टाक जगात कुठेच नाही, हे माणिकबाईला त्या दुपारी कळलं. तिने टाक हातातून सोडून दिला.

"पहिलीचं नाव काय होतं?" इंदूने विचारलं.

"शकुनच म्हनत. तेबी तांदळातलंच असन. माहेरचं कोनाले माहीत!"

इंदूने भीत भीत तिचा हात धरला. "माय, मी तुमच्या पोरीसारखी दिसतो काय वं?"

माणिकबाईने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि नीट न्याहाळला. हो म्हटलं असतं तर मेलेली लेक घटकाभर परत मिळाली असती.

"नाई," ती म्हणाली. "जराशीबी नाई. ते एकच होती." आणि मग ती हमसून हमसून रडली. इंदूला त्या एका शब्दाने जीव दिला होता.

चौथ्या दिवशी इंदू वलगावला परतली. रुख्मिणीबाई अंगणात मेथी निवडत होती. "आली काय वं शकुन?" तिने टाकाला विचारलं.

इंदू तिच्यापुढे उकिडवी बसली आणि टाक मुठीत झाकला. म्हातारीची नजर अडखळत वर आली. सात वर्षांत पहिल्यांदाच.

"माहं नाव इंदू हाये, आत्याबाई. मधलीचं पंचफुला होतं. पहिलीचं माहेरचं नाव काय होतं ते सांगा."

रुख्मिणीबाईचे ओठ हलले. ती आठवत राहिली. मेथीची काडी हातातून खाली पडली. मग तिचा चेहरा हळूहळू घाबराघुबरा झाला आणि तिने इंदूचं मनगट घट्ट धरलं.

"रुख्मिणी हे तं माहं इथलं नाव," ती म्हणाली. "माहेरचं काय होतं वं माहं? तुले माहीत असन तं सांग न."

ते सांगू शकेल असं माणूस आता कुठेच उरलं नव्हतं, आणि म्हातारी उत्तरासाठी इंदूच्या तोंडाकडे बघत राहिली.