पेंडिंग झीरोचा बोर्ड

“वैशाली तायडेचं नाव काढा,” आमच्या इन्स्टिट्यूटचे संचालक गावंडे सर म्हणाले. मान वर करूनही पाहिलं नाही. परीक्षेचे फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता आणि ऑफिसातल्या मॅडम कॉम्प्युटरवर एकेक नाव टाकत बसल्या होत्या.

“काहून?” मी विचारलं. राग आला की माझं पुस्तकी मराठी पळून जातं.

“बोर्ड पाहा ना मॅडम. सगळ्यात खाली आहे ती. अशा पोरीचा फॉर्म भरून मी रिझल्ट खराब करू का?”

मी जर्मन शिकवते. या इन्स्टिट्यूटची मुख्य शाखा अमरावतीला, दुसरी अकोल्याला. आठवडा मी दोन्हीकडे वाटून घ्यायचे. हा प्रसंग अकोल्याचा. शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी नर्सेस. जर्मनीतल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या आहेत, पण पेशंटशी बोलता आलं पाहिजे, म्हणून बी-टू नावाची परीक्षा असते. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, असे चार भाग. चारही पास व्हावे लागतात.

वैशाली अकोल्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. माहेर वलगावचं, वडिलांचा भाजीचा मळा. आपली चार वर्षांची मुलगी तिकडे आईजवळ ठेवून ही इथे ड्युटी आणि क्लास दोन्ही ओढत होती. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलाने तिला ऑफर लेटर दिलं होतं. अट एकच, मार्चअखेर बी-टूचं सर्टिफिकेट. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. मार्चच्या आत ही एकच परीक्षा उरली होती, आणि सर म्हणत होते नाव काढा.

आता हा बोर्ड काय प्रकार होता ते सांगते, कारण सगळं पाणी तिथेच मुरत होतं.

परभाषेचे शब्द पाठ करणं अवघड नसतं. ते टिकवणं अवघड असतं. आज पन्नास शब्द घोका, उद्या त्यातले निम्मे गेलेले असतात. मग उपाय काय? शब्द निसटायच्या बेतात असतानाच तो पुन्हा समोर आणायचा. आधी एका दिवसाने, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी आठवायला थोडा त्रास झाला पाहिजे. त्या त्रासानेच शब्द पक्का होतो. याला स्पेस्ड रिपिटिशन म्हणतात. आमच्या मुलींना मी संत्र्याच्या झाडावरून समजावते. वर्षभराचं पाणी एकाच दिवशी सोडलं तर झाड जगेल का?

कोणता शब्द कधी विचारायचा याचा हिशेब ठेवायला मोबाइलवर फुकट अ‍ॅप मिळतं. त्यात कार्डं असतात. पुढे मराठी शब्द, मागे जर्मन. आठवला की ‘गुड’ दाबायचं, विसरला तर ‘अगेन’, अगदीच चटकन आला तर ‘ईझी’. अगेन दाबलं की कार्ड लगेच परत येतं. ईझी दाबलं की अ‍ॅप समजतं, हिला येतं बुवा, आणि ते कार्ड लांब पाठवून देतं. दोन-तीनदा ईझी दाबलं की ते कार्ड परीक्षा होऊन जाईपर्यंत तोंड दाखवत नाही. म्हणजे सगळी मदार एका गोष्टीवर. मुलीने खरं बोलावं.

हे मी सुरू केलं आणि दोन महिने छान चाललं. मग गावंडे सरांना त्याचा पत्ता लागला.

सर मूळचे एंट्रन्स कोचिंगमधले. अकोल्यात कोचिंग म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दर रविवारी टेस्ट, सोमवारी रँक, भिंतीवर नावं, पहिल्याला टाळ्या, शेवटच्याला बापासमोर उभं करणं. तिथे ते चालत असेल, मला ठाऊक नाही. सरांनी अ‍ॅप पाहिलं आणि त्यांना त्यात एकच गोष्ट दिसली, रोज किती कार्डं बाकी राहिली तो आकडा. दुसऱ्याच दिवशी वर्गात पांढरा बोर्ड लागला. वर लिहिलं होतं ‘पेंडिंग झीरो’. जिचं बाकी शून्य तिचं नाव सगळ्यात वर. जिचं बाकी जास्त ती खाली, लाल मार्करने.

“सर, विसरलं की कार्ड वाढणारच. ते वाढलं म्हणजे ती शिकून राहिली,” मी सांगितलं.

“मॅडम, सिस्टिम लागते. तुम्ही टीचर आहात, मॅनेजमेंट आमच्यावर सोडा.”

सोडलं. पंधरवड्यात बोर्डावर शून्यांची रांग लागली. एका दुपारी खाली चहाच्या टपरीवर गेले तर स्नेहल बसलेली. ही आमची बोर्डावरची पहिली. समोर तीन मोबाइल, एक तिचा, दोन मैत्रिणींचे. आणि दोन्ही अंगठ्यांनी ईझी, ईझी, ईझी. कार्डाकडे पाहतसुद्धा नव्हती.

“हे काय चाललंय?”

“मॅडम, त्या दोघी ड्युटीवर आहेत ना. त्यांचं पेंडिंग राहीन, नाव लाल होईन. मी करून देऊन राहिली.”

“अवं पण शब्द त्यांना यायला पाहिजेत की तुझ्या अंगठ्याला?”

“मॅडम, अगेन दाबलं तर नाव खाली जाते न. सर सगळ्यांसमोर बोलतात. मले नाही जमत ते ऐकून घ्याले.”

मला तिच्यावर चिडताच येईना. बारा तास उभं राहून ड्युटी करणारी मुलगी, तिला तुम्ही बोर्डासमोर उभं करून लाज काढणार, तर ती काय करेल? ईझीच दाबेल. संताप आला तो बोर्ड टांगणाऱ्याचा.

अख्ख्या वर्गात वैशाली तेवढी विसरलं की अगेन दाबायची. लाल नाव, सगळ्यात खाली. मी एकदा विचारलं, लाज नाही वाटत का. ती म्हणाली, “वाटते न मॅडम. पण उद्या तिथं म्हातारा पेशंट काही मांगन आन् मले समजलंच नाही, मंग कोन्ता बोर्ड येते मदतीले?”

आणि आता तिचंच नाव काढत होते.

मी सरांना म्हटलं, “वर्ग बाजूलाच भरलाय. चला. मागच्या महिन्यातले शब्द विचारते. तुमच्यासमोर.”

सर आले. मी स्नेहलला विचारलं, उपाशीपोटी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला सांगावंच लागतं. स्नेहलने वर पाहिलं, खाली पाहिलं. “मॅडम, झालेला हाय हा आपला. तोंडावर हाय.” तोंडावरून पुढे आला नाही. सूज विचारलं, चक्कर विचारलं. पहिल्या पाचातल्या मुली एकमेकींकडे बघत बसल्या.

मग वैशालीकडे वळले. “उपाशीपोटी?”

“न्युश्टर्न.”

“चक्कर?”

“श्विंडेल.”

“सूज?”

ती थांबली. “विसरली मॅडम. काल आला होता, आज गेला.”

आणि गावंडे सर काय म्हणाले असतील? “पाहा! विसरली!”

मला वाटलं माझ्या कानात काही बिघाड झाला. ज्यांना एकही आला नाही त्यांचे फॉर्म भरायचे, आणि जिला दोन आले आणि तिसरा विसरला हे जिने तोंडाने सांगितलं, तिचा नाही! वर सरांनी सगळ्या वर्गासमोर तिला ऐकवलं, “ताई, पुढच्या वेळेस पाहू. फॉर्म इन्स्टिट्यूटमार्फतच जातो, नियम आहे.”

हे मात्र धडधडीत खोटं होतं. मी तिथेच, मोठ्याने म्हटलं, “असा काही नियम नाही. परीक्षेच्या वेबसाइटवर कुणालाही स्वतःचा फॉर्म भरता येतो. आज शेवटची तारीख आहे.”

 वैशालीने पर्समधून मोबाइल काढला आणि फॉर्म भरायला घेतला.

“मॅडम, ऑफिसात या,” सर म्हणाले. दार लागल्याबरोबर सुरू झाले. “तुम्ही इन्स्टिट्यूटच्या विरोधात बोलून राहिल्या.”

“मी वेबसाइटवर लिहिलेलं बोलून राहिली.”

“इमोशनल होऊ नका. डेटा काय म्हणतो ते बघा.”

“सर, तुमचा डेटा खालच्या टपरीवर एक पोरगी दोन अंगठ्यांनी बनवते. चहा घ्यायला या एकदा, दाखवते.”

त्यांनी मला नोटिस दिली नाही. वर्षाच्या मध्यात जर्मनचा दुसरा मास्तर अकोल्यात मिळत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण वैशालीला बोलण्याच्या सरावाला बसू द्यायचं नाही असा हुकूम निघाला. फी पूर्ण भरलेल्या मुलीला! मग तिच्या जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर पेशंट व्हायचे आणि ती नर्स. कधी मी बीपी मोजू द्यायला तयार नसलेली आजी, कधी घरी सोडा म्हणून भांडणारा आजोबा. तिच्या मागून वॉर्डातल्या खऱ्या पेशंटांच्या हाका यायच्या, मग ती आधी त्यांच्याकडे जायची.

बाकीच्या मुलींना नागपूर सेंटर होतं. वैशालीचा फॉर्म जाईपर्यंत नागपूरच्या जागा संपल्या, तिला पुणे मिळालं. एकटी गेली, एकटी आली.

रिझल्ट लागला. बोर्डावरच्या शून्यवाल्या मुलींपैकी बहुतेक ऐकण्यात आणि बोलण्यात गेल्या. स्नेहल दोन्हीत गेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते आणि सर म्हणत होते, पोरींनी मेहनतच घेतली नाही. वैशाली चारही भागांत पास. लिहिण्यात अगदी काठावर, पण पास.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण पुढच्या आठवड्यात अमरावतीच्या शाखेसमोर भलाथोरला फ्लेक्स लागला. ‘आमच्या मार्गदर्शनाचं यश’. मध्ये हाताची घडी घातलेले गावंडे सर. त्यांच्या खांद्याशी, निम्म्या आकाराचा, वैशालीचा ॲडमिशनच्या वेळचा फोटो. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

व्हिसाच्या कागदांसाठी ती त्या दिवशी अमरावतीत आली होती. फ्लेक्स पाहिला आणि सरळ आत आली. मी तिथेच होते.

“सर, तो फोटो उतरवा.”

“अहो ताई, कौतुक केलं आम्ही तुमचं!”

“माहा फॉर्म तुमी भरला का?”

“ते… त्या वेळची परिस्थिती वेगळी होती.”

“नाही न भरला? मंग उतरवा.”

“दोन दिवस राहू द्या. नवीन बॅचच्या ॲडमिशन सुरू आहेत.”

“म्हणूनच त आत्ता उतरवा.”

ती खुर्चीवर बसली नाही, आवाजही चढवला नाही. दारात उभी राहिली. आत येणारे पालक थांबून बघायला लागले, तेव्हा सरांनी माणूस पाठवून फ्लेक्स उतरवला. वैशालीने तो स्वतः गुंडाळला आणि काखेत घेतला.

“हा कुठे नेता?” सरांनी विचारलं.

“वलगावले. भाजीच्या ढिगावर झाकाले कामी येईन. उलटा टाका म्हणून सांगीन बाबाले, तुमचं तोंड खाली राहीन.”

ती आता जर्मनीत आहे. मी त्या उन्हाळ्यात राजीनामा दिला आणि घरी छोटी बॅच सुरू केली. स्नेहलही येते. तिची सगळी कार्डं पुसून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या वर्गात भिंतीवर बोर्ड नाही. विसरले म्हणणाऱ्या मुलीला मला शिकवता येतं. जी भीतीपोटी सगळं येतं म्हणते, तिच्यासाठी मला काहीच करता येत नाही.