सिरिलची न धुतलेली ताटली

लढाईच्या टंचाईतही सरकारचा शब्द आयडा ब्लेन्किनने कधी मोडला नाही. पंचाईत एवढीच, की सरकार रोज नवं काहीतरी सांगायचं. रेडिओवरचा माणूस सकाळी म्हणे, बटाटे सालासकट खा. आणि गल्लीच्या टोकाला डुकरांसाठी सालं टाकायचा सरकारी डबा. बिचारी कधी सोली, कधी सोलायची थांबे.

त्यात गल्लीतल्या भिंतीवर बुडत्या जहाजाचं सरकारी चित्र लागलं. खाली लिहिलेलं: पाव कमी खा, गहू आणणाऱ्यांचे जीव वाचवा. तिचा एकुलता एक सिरिल गव्हाच्याच जहाजावर होता. आयडाच्या घशाखाली पाव उतरेना. पण पाव न खाता वाया घालवला, तर दंड होता.

चर्चच्या हॉलमध्ये सरकारी बाई गाजराचा केक शिकवायला आल्या. आयडाने विचारलं, "बाई, मी पाव खाल्ला तर माझ्या पोराला जास्त फेऱ्या पडतील, की कमी?"

बाईंनी तिच्या हातात बटाट्याची कृती ठेवली.

"आता गप बस," शेजारची मर्टल कुजबुजली. "उद्या म्हणशील, चहा प्यायले तर चहा आणणाऱ्यांचं काय?"

हे आयडाला सुचलंच नव्हतं. आता चहाही कडू लागू लागला.

सिरिल रजेवर आला, तर पुढ्यात नुसते बटाटे.

"आई, पाव कुठाय?"

"तुझ्यासाठीच सोडलाय रे."

"वा! आम्ही जीव मुठीत धरून गहू आणायचा आणि तू बटाटे खाणार. मग मी जातो तरी कशाला?"

त्याने स्वतः पाव आणला, लोणी मिळेना म्हणून चरबी लावून तिला भरवला. किती दिवसांनी तिला पोटभर बरं वाटलं.

निघायच्या दिवशी जहाजाचा भोंगा वाजला आणि तो अर्धा तुकडा ताटलीतच टाकून पळाला. खलाशी निघाला त्या दिवशी घरात काही धुवायचं नाही, नाहीतर समुद्र माणूस धुऊन नेतो, हे बंदरावरच्या पोरीबाळींनाही ठाऊक. ताटली राहिली. पण तुकडा? खावा, की डुकरांच्या डब्यात टाकावा? तिला काही केल्या उमगेना. भीती मात्र वाटत होती, खूप.

आठवड्याने मर्टलने पाहिलं. "अगं, बुरशी आलीय. कुणी बघितलं तर दंड होईल."

"होऊ दे," आयडा म्हणाली. "त्याचा आहे. तो आल्यावर सांगेल काय करायचं ते."