बिल्डिंग जाऊ दे

"थांब रे, बिल्डिंग जाऊ दे."

चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या गेटचा गज धरून तळमजल्यावरचे काका हे म्हणायचे. रस्ता ओलांडताना आपण रिक्षा जाऊ देतो ना, तसं. चार मजली इमारत त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जायची, परत यायची, आणि जागेवर बसली की ते पाऊल उचलायचे. मला हसू यायचं. मग घरी जाऊन हसल्याचं वाईट वाटत राहायचं.

चक्कर कानातून येते हे कळेपर्यंत बीपी, पित्त, चष्मा आणि दृष्ट, सगळ्यांवर उपाय झाले होते. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग बिघडला होता. गोळ्या, मानेचे व्यायाम सुरू झाले, पण काका खाली येईनासे झाले. पत्ते बंद, दाढी बंद. "पडलो तर लोक म्हणणार, सकाळीच घेतली," एवढंच बोलायचे. डॉक्टरांनी ओळखलं. सतत पाय डळमळले की मनही खचतं, म्हणाले, त्याचेही उपचार घ्या.

"कानवाल्याने मनवाल्याकडे पाठवलंय," काकांनी मला सांगितलं. "मधलं नाक सोडलं बिचारं." स्वतः मात्र हसले नाहीत. गेलेही नाहीत.

गणपतीत काकूंनी मला जिन्यात गाठलं. "आरतीला येत नाही म्हणतात. दार लावून बसलेत. तूच बघ रे."

आरतीच्या शेवटी सगळे जागच्या जागी गोल फिरतात. काकांना भीती त्याची.

"तुम्ही मंडपाचा खांब धरा, काका. तुमचा फेरा मी घालतो."

"देवाला चालतं?"

"विचारायचं कशाला?"

मी माझा फेरा घातला आणि लगेच त्यांचा. दुसऱ्याचा म्हणून जरा जास्तच मनापासून घातला, आणि थेट सेक्रेटरींच्या पोटावर आदळलो. मोदकांचं ताट उडालं.

खांबापाशी आवाज आला, "थांब रे, बिल्डिंग जाऊ दे."

आणि काका हसत सुटले. खांब सोडून, दोन्ही हातांनी पोट धरून. काकू मोदक वेचता वेचता डोळे पुसत होत्या.

त्या आठवड्यात ते मनवाल्याकडे गेले. चक्कर पुरती गेली नाही, पण काका रोज खाली येऊ लागले. पत्त्यांत पूर्वीसारखीच लबाडी करू लागले.

या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

परवा आरतीला मी सवयीने दोन फेरे घातले आणि खांब धरला. सेक्रेटरी पोटावर हात ठेवून लांबूनच म्हणाले, "चला, प्रसाद घ्या."

"एक मिनिट," मी म्हणालो.

बिल्डिंग अजून जात होती.