कारण : कामगाराची चूक

उजवा डोळा गेल्यावर कंपनीनं मला घरी बसवलं नाही, नवीन कामगारांच्या प्रशिक्षणात उभं केलं. आळेफाट्याच्या पुढं आमचा रसायनांचा कारखाना. नवी तुकडी आली की सेफ्टी ऑफिसर पडद्यावर चित्रं दाखवायचे आणि शेवटी मला बोलवायचे. मी काळा चष्मा काढून सांगायचो. ॲसिडचा पंप दुरुस्त करायला आम्ही दोघांनी पाइपाचा जोड सोडवला. व्हॉल्व्ह बंद होता म्हणून पाइप रिकामाच असेल असं धरून चाललो, आणि आत कोंडलेलं ॲसिड अंगावर आलं. मी बाजूला होतो, माझा डोळा गेला. जोडीदार समोर होता. तो अवसरी बुद्रुकचा, मी निरगुडसरचा. मंचरहून कंपनीच्या बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसायचो. दवाखान्यात त्यानं काही दिवस काढले, मग गेला.

सुरुवातीला सांगणं जड जायचं. पुढं सवय झाली. कुठं थांबलं की पोरं माना खाली घालतात हे मला कळायला लागलं होतं, आणि ते कळतंय याचंच वाईट वाटायचं.

एकदा आत गेलो तर दुसऱ्या रांगेत जोडीदाराची बायको. कंपनीनं तिला त्याच्या जागी कामाला घेतलं होतं, पण मला कुणी बोललं नव्हतं. ऑफिसर नवीन होते, त्यांनाही ती कोण हे ठाऊक नसावं. मी चष्मा काढलाच नाही. कसंबसं आटोपतं घेतलं. तिची नजर मात्र माझ्या मागं पडद्यावर होती. मी वळून पाहिलं. तिथं लिहिलं होतं, ‘कारण : कामगाराची चूक.’ इतक्या तुकड्यांपुढं त्या पडद्याकडं पाठ करून उभा राहिलो, पण ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

ती उभी राहिली. “साहेब, काय चुकलं माझ्या मालकांचं?”

ऑफिसर गडबडले. मग सावरून त्यांनी सांगितलं, की जोड सोडवण्याआधी खालचा ड्रेन, म्हणजे पाइप रिकामा करायचा नळ, उघडून बघायला हवा होता.

ती माझ्याकडं वळली. “भाऊजी, हे त्यांना कुणी शिकवलं व्हतं का?”

“नाय वहिनी. मलाबी नव्हतं शिकवलं. आधीची माणसं जशी करायची, ते बघून आमी करत व्हतो.”

ऑफिसरांनी चहाची सुट्टी दिली. त्यांना विचारून मी तिला प्लांटमध्ये घेऊन गेलो, कारण तिला ती जागा बघायची होती. ड्रेनच्या दांडीवर तिनं हात ठेवला.

“एवढासाच हाय,” ती म्हणाली.

पुढच्या तुकडीला पडद्यावर ती ओळ नव्हती. ऑफिसर मनानं चांगले होते. ते प्रत्येकाला प्लांटमध्ये नेऊन ड्रेन स्वतःच्या हातानं उघडायला लावू लागले. पण त्यात वेळ जायचा, उत्पादनवाल्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि शिकवणं पुन्हा खोलीत आलं. थोड्याच दिवसांत ऑफिसर दुसरीकडं नोकरीला गेले.

वहिनी ॲसिडच्या विभागात हेल्पर होती. जोड सोडवायच्या आधी ती दर वेळी फिटरला ड्रेनचं विचारायची. लोक तिला ‘ड्रेनवाली’ म्हणू लागले. मग सुपरवायझरनं तिला पॅकिंगला टाकलं, वर तुमच्याच सोयीसाठी म्हणून सांगितलं. ती पॅकिंगला गेली. आता बसमध्ये पुढच्या सीटवर डोळे मिटून बसते.

परवा नवी तुकडी येणार होती. मी तिला म्हटलं, या वेळी माझ्या जागी तुम्ही बोला, तुमचं ऐकतील.

“नको भाऊजी,” ती म्हणाली. “माझं ऐकून पोरं रडतील. शिकणार नायत.”

मग मीच गेलो.