माहितीपुस्तिकेवरचा आरोपी

शहरातल्या जेझुइट फादरांच्या खासगी लॉ कॉलेजात कशाची म्हणून कमी नव्हती. उंच छताची लायब्ररी, चॅपल, गोरगरिबांसाठी मोफत सल्ला केंद्र, आणि फीचा आकडा ऐकलेल्या पालकांना टेकायला भिंतीलगत बाकं. सरावासाठी खोटं न्यायालयसुद्धा होतं. न्यायाधीश विद्यार्थी, वकील विद्यार्थी. आरोपी व्हायला मात्र कुणी तयार नसे. उद्याच्या नामवंत वकिलांनी पिंजऱ्यात उभं राहायचं म्हणजे काय! मग शिपाईमामांना उभं करत.

इतक्या वर्षांत मामांनी चोऱ्या केल्या, घरं जाळली, दोन सासवांना विष घातलं. "गुन्हा कबूल आहे?" विचारलं की मान खाली घालून "आहे" म्हणायचं, म्हणजे तास वेळेत आटोपे. मग गुन्हेगारच न्यायाधीशांना चहा आणून देई.

यंदा कॉलेजनं रंगीत माहितीपुस्तिका काढली. मुखपृष्ठावर पिंजऱ्यातले मामा, वर ब्रीदवाक्य: 'न्याय सर्वांसाठी'. ती नेमकी मामांच्या लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या हाती पडली. धाकट्या चिरंजिवांसाठी ते कॉलेज बघत होते.

"आधी सांगायचंत की," सासरे फोनवर म्हणाले. "आमचं अब्रूदार घर आहे."

"अहो, ते नाटक असतं!"

"आगीशिवाय धूर निघत नाही."

मामा प्राचार्य फादरांकडे धावले. "फादर, मी खोटाखोटा गुन्हेगार आहे, एवढं लिहून द्या." फादर मोठे कनवाळू. सदसद्विवेकावर भरपूर बोलले, चार प्राध्यापकांचा सल्ला घेतला आणि जपून पत्र दिलं: 'सदर इसम आमच्या माहितीप्रमाणे अद्याप दोषी ठरलेला नाही.' हात दाखवून अवलक्षण! 'अद्याप' वाचून सासऱ्यांनी लग्न मोडलं.

मामा लेकीसमोर ढसाढसा रडले. ती मात्र चिडली होती.

"ते गेले ते बरंच झालं. पण बाबा, न केलेल्या गुन्ह्याला तुम्ही दरवेळी मान कशाला घालता खाली?"

हे मामांना फार लागलं.

सोमवारी दागिन्यांच्या चोरीचा खटला होता. न्यायाधीशानं जांभई आवरत विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

मामांनी मान वर केली. "नाही."

"मामा, 'आहे' म्हणायचं असतं ना."

"ठाऊक आहे. पण मी चोरी केलेली नाही."

न्यायाधीशानं वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी फायली चाळल्या. पुरावा कुणी आणलाच नव्हता, आजवर कधी लागलाच नव्हता. मामा ताठ उभे राहिले, आणि त्या दिवशी चहा कुणालाच मिळाला नाही.