दोन जावांच्या गोळ्या

आमच्या घरात स्वयंपाकघर एक आणि चुली दोन होत्या. एका चुलीवर माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे. दुसरीवर त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, माझ्या काकू. दोघींमध्ये चार हात अंतर आणि पंधरा वर्षांचा अबोला. काही सांगायचंच झालं तर ते भिंतीला सांगायचं, नाहीतर मला. मी लग्न होऊन तळेगावहून अल्लीपूरला आले तेव्हा या दोन बायकांचे निरोप इकडून तिकडे पोचवण्यात माझी उमेद जाणार आहे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्या घरी नाही म्हटलं असतं, आणि हे लिहायला आज मला काही वाटत नाही.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी दोघींचे हात धरले. आधी आत्याबाईंचे, मग सहा महिन्यांत काकूंचे. सकाळी बोटं आखडलेली, सांध्यांवर गरम सूज, मनगट हललं की डोळ्यांत पाणी. आत्याबाई घर डोक्यावर घ्यायच्या. काकू चकार शब्द काढायच्या नाहीत. दुखतं म्हटलं तर समोरच्या चुलीला आनंद होईल, एवढंच त्याचं कारण. काकू विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. छपरीतल्या शिलाई मशीनवर अर्ध्या गावाची पोलकी शिवून त्या आपली चूल पेटती ठेवत. कात्री चालेनाशी झाली तर त्यांना आत्याबाईंपुढे ताट करावं लागणार होतं. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आत्याबाई तर त्या दिवसाची वाटच पाहत होत्या.

वर्ध्याच्या रस्त्यावर तेव्हा एका ट्रस्टचा दवाखाना होता. आता नाही. तिथे पुण्याकडून आलेला एक तरुण डॉक्टर सांध्यांच्या या रोगावर संशोधन करत होता. आम्ही तिघी त्याच्यासमोर बसलो तेव्हा त्याला झालेला आनंद मी विसरलेले नाही. दोन बायका, रक्ताचं नातं नाही, पण विहीर एक, स्वयंपाकघर एक. "दोन्ही केसेस एकाच घरातल्या!" असं तो नर्सला म्हणाला. समोर दोन माणसं विव्हळत बसली आहेत आणि हा हरखला आहे. मला तो तिथल्या तिथे आवडेनासा झाला.

त्याची मोजमापं सुरू झाली. सोनाराकडे असतो तसा कड्यांचा जुडगा होता, एकेक कडं बोटाच्या सांध्यावरून सरकवून तो सूज मोजायचा. रक्तदाबाच्या यंत्राला जोडलेली रबरी पिशवी मुठीत दाबायला लावायचा आणि पारा किती चढतो ते लिहून घ्यायचा. आत्याबाईंचा पारा काकूंपेक्षा दोन रेघा कमी चढला. त्यांनी पुन्हा दाबायला मागितलं. डॉक्टर नको म्हणाला, तर बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तिची पिशवी नरम होती." पिशवी एकच होती.

मग त्याने समजावून सांगितलं. औषध नवं आहे, गुण यायला तीन-चार महिने लागतात. निम्म्या लोकांना खरी गोळी देणार, निम्म्यांना साधी, खडूसारखी. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कोणती हे त्यालाही माहीत नाही, यादी कपाटात कुलपात आहे, सहा महिन्यांनी उघडायची. मान्य असेल तर अंगठा लावा. मी ते आमच्या बोलीत सांगितलं.

"म्हंजे एकीले औषध अन् एकीले माती?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोघीयलेबी औषध असू शकते, नाईतर दोघीयलेबी साधी," मी म्हटलं.

तो भाग त्यांच्या कानात शिरलाच नाही. लग्नात जावेला आपल्यापेक्षा चांगलं लुगडं आलं की काय, हे बघायची त्यांची एक नजर होती. त्याच नजरेने त्यांनी काकूंच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. आत्याबाईंच्या डब्यावर सतराचा आकडा होता, काकूंच्या डब्यावर अठराचा. दर महिन्याला जुना डबा उरल्यासुरल्या गोळ्यांसकट परत करायचा, भरलेला घ्यायचा.

पहिल्या महिन्यातच आत्याबाईंना मळमळायला लागलं. जेवणावरची वासना गेली, पोटात आग. काकू मात्र गोळी खाऊन निवांत मशीन चालवत होत्या. एक दिवस दुपारी काकू कापड आणायला बाजारात गेल्या तशी आत्याबाईंनी मला फडताळापाशी बोलावलं.

"मले मळमळून राह्यलं अन् तिले काईच नाई. काऊन? डाक्टरनं मले खराब गोळी देल्ली अन् तिले चांगली. बदलून टाक."

मी म्हटलं, असं करू नये, डॉक्टर आकडे तपासतो.

"आकडा राहू दे ना डब्यावर. गोळ्या बदल. दर महिन्याले बदलजो. अन् तोंड बंद ठेवजो, नाईतर तळेगावची गाडी कुठून सुटते ते तुले माहीत हाये."

मी बदलल्या. सतरामधल्या अठरात, अठरातल्या सतरात. मला अजून मूल नव्हतं आणि त्या घरात माझे पाय टेकलेले नव्हते, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. त्या दोघींच्या रोजच्या धुसफुशीला मी इतकी विटले होते की कुणाच्या पोटात काय जातं याची मला पर्वाच उरली नव्हती. दोघीही मेल्या तरी सुटेन, असंही एकदा मनात आलं होतं. पाच महिने, दर महिन्याला, मी मोजून गोळ्या बदलल्या. डॉक्टर उरलेल्या गोळ्या मोजायचा, त्यात कधी एक गोळीही इकडची तिकडे सापडली नाही. अशा कामात मी फार टापटिपीची होते.

आत्याबाईंची मळमळ थांबली. त्या विजयी झाल्या. "पाह्यलं? चांगली गोळी अशी असते." काकूंचं ताट मात्र अर्धं राहायला लागलं. त्या उठून मागे जायच्या, तोंड धुऊन यायच्या आणि पुन्हा मशीनवर बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "उन्हाचं होते." आत्याबाईंच्या देखत त्या यापेक्षा जास्त बोलल्या नसत्या, जीव गेला असता तरी.

चौथ्या महिन्यात काकूंच्या बोटांवरची सूज उतरली. मुठीत पिशवी दाबली तर पारा असा चढला की डॉक्टरने यंत्र बिघडलं की काय म्हणून स्वतः दाबून पाहिलं. आत्याबाईंची बोटं करंगळीकडे कलायला लागली होती. त्या म्हणाल्या, चांगलं औषध उशिरा लागू पडतं, डॉक्टरनेच सांगितलं आहे. आणि तिचं काय, ती कात्री चालवते म्हणून तिची बोटं मोकळी झाली. सहाव्या महिन्यात त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी उलटा हुकूम सोडला. तोवर डब्याच्या तळाला चार गोळ्या उरल्या होत्या.

सगळ्यांचे सहा महिने संपले आणि कपाट उघडलं. डॉक्टरने आम्हाला समोर बसवून यादी वाचली. सतरा नंबरला खरं औषध होतं. "यांच्यावर हे औषध चालत नाही," तो आत्याबाईंकडे बोट करून म्हणाला, "उगीच देण्यात अर्थ नाही, दुसरं काही बघू." अठरा नंबरला साधी गोळी. "आणि या आपोआप बऱ्या झाल्या. होतं कधी कधी, रोग स्वतःच मागे हटतो. यांना आता काहीच नको." तो फार खूश होता. आपोआप बरी झालेली बाई त्याच्या निबंधात शोभून दिसणार होती.

मी मूग गिळून बसले. काकूंनी यादी ऐकली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरला हात जोडले. एसटीत आत्याबाईंनी माझ्या दंडाला चिमटा घेतला. आपल्याच हाताने आपण खरं औषध जावेच्या तोंडात घातलं, हे त्यांना कळलं होतं, आणि त्याचा राग त्यांनी माझ्यावर काढला. पुढे कितीतरी वर्षं काढला. हिंगणघाटच्या कुणा खाजगी डॉक्टरकडून त्यांनी कसल्याशा पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. तोंड सुजून गोल झालं, हात होते तसेच राहिले. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

काकूंचं औषध बंद झालं. दोन महिने बरे गेले. मग मनगटावर सूज दिसायला लागली. मी रोज पाहायचे. रोज ठरवायचे की उद्या दवाखान्यात जाऊन सांगायचं, आणि रोज आत्याबाईंचं तोंड डोळ्यांसमोर यायचं. मध्ये मला दिवस गेले, तेव्हा तर मला छान सबब मिळाली. काकूंना म्हटलं, दवाखान्यात जाऊ. त्या म्हणाल्या, "डाक्टरनं सांगतलं ना, मले काईच नको." आठ महिने असे गेले. हे आठ महिने मी स्वतःला माफ केलेले नाहीत आणि कुणी करायला आलं तर मला ते नको आहे.

एका सकाळी काकू कापड बेतत होत्या आणि कात्री खाली पडली. त्यांनी ती उचलायला हात पुढे केला, तर अंगठा नुसताच लोंबत होता. दुखत नव्हता. वर उचलला जातच नव्हता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो वर केला, सोडला, तो पुन्हा पडला. तीन वेळा त्यांनी तसं केलं. मी तशीच उठले, पोट सावरत, आणि एकटी एसटीने दवाखान्यात गेले.

डॉक्टरला सगळं सांगितलं. त्याचा तिळपापड झाला. "तुम्ही शिकलेल्या बाई!" तो ओरडला. "निबंध छापायला गेला माझा. दोन केसेस खोट्या. वर्षभराचं काम नासवलंत." मी म्हटलं, तुमचं काम राहू द्या, त्यांचा अंगठा बघा. तो बराच वेळ माझ्या नावाने ठणाणा करत राहिला. एक बाई एकाएकी आपोआप कशी बरी झाली, हे त्याने घरी येऊन एकदाही विचारलं नव्हतं. नुसतं लिहून घेतलं होतं. तेही मी त्याला सुनावलं. मग तो बसला आणि अंगठ्याबद्दल विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाला, अंगठा उचलणारी शीर सुजेत झिजून तुटली असणार. औषध परत सुरू करतो, बाकीची बोटं वाचतील. ती शीर गोळीने जुळत नाही. "उद्या घेऊन या त्यांना," तो म्हणाला. यादीतल्या दोन्ही नावांवर त्याने माझ्यासमोर तांबडी रेघ मारली. औषध त्याने खरंच सुरू केलं आणि बाकीची बोटं वाचलीही, तेवढं श्रेय मी त्याला नाइलाजाने देते. कात्री मात्र काकूंनी त्यानंतर धरली नाही, आणि चूलही एकच राहिली.

त्या दिवशी मी परत आले तेव्हा काकू छपरीत बसल्या होत्या. आत्याबाई आत होत्या. मी काकूंचा हात हातात घेतला आणि म्हटलं, डॉक्टरला सगळं सांगून आले, तुमच्या डब्यात खरी गोळी जात होती, उद्या औषध परत सुरू होईल.

काकू घाबरल्या. "काऊन सांगतलं? तुयं नाव सांगतलं?"

"सांगतलं ना. काय झालं?" मी म्हटलं.

"मले माहीत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खिडकीतून दिसे मले, तू गोळ्या बदले तवा. डाक्टरनं यादी वाचली तवाच समजलं, खरी मीच खाल्ली. पन बोलली असती त तुयं नाव आलं असतं. तुया सासूनं तुले माहेरी धाडलं असतं, अशा दिवसांत. तुनं माह्यासाठी चोरी केली पोरी. मी तुले कशी धरून देऊ?"

मी तिथे गप्प बसू शकले असते. कुणीही शहाणी बाई बसली असती. पण ते माझ्या अंगावर चढवलेलं पुण्य मला सहन होईना, आणि माझं तोंड मला कधीच आवरता आलेलं नाही.

"काकू, म्या तुमच्यासाठी नाई केलं," मी म्हटलं. "आत्याबाईले मळमळे म्हनून त्यायनं नको असलेली गोळी तुमच्या डब्यात टाकाले लावली. म्या टाकली."

त्यांनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

"मंग मी आठ महिने कोनासाठी गप्प बसली वं?"