दारापर्यंत सोडणारे चाचा

कार्यक्रम कुठलाही असो, चाचा त्याची आखणी शेवटापासून सुरू करायचे. समोर बसलेला यजमान स्टेज कसं असावं, फुलं कुठली असावीत, पाहुणा म्हणून कुणाला बोलवावं असं रंगात येऊन सांगायला लागला, की चाचा हात वर करून त्याला थांबवायचे. "ते हुईल सगळं. आधी मला सांगा, माणसं घरला कशी जाणार?" बिचारा यजमान गोंधळून जायचा. अजून पत्रिका छापायची आहे आणि हा गृहस्थ मांडव रिकामा करायच्या गोष्टी करतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. चाचा मात्र चहा बशीत ओतत शांतपणे म्हणायचे, "पावणा आला कसा, ह्ये कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय बघा. गेला कसा, तेवढंच त्यो जन्मभर सांगत सुटतोय."

पुण्यात इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स करून मी कोल्हापुरात परत आले आणि चाचांकडे नोकरीला लागले. त्यांच्या वडिलांचा मांडव आणि भांडी भाड्यानं द्यायचा धंदा. चाचांनी पाटीवर 'इव्हेंट्स' हा शब्द वाढवला, पण मागच्या गोदामात पातेली तीच होती आणि सतरंज्याही त्याच. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "या पावणं, बसा. जेवलासा?" मला वाटलं, यांनी मला गिऱ्हाईक समजलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी वायरमनला, पोस्टमनला आणि भाडं वाढवून मागायला आलेल्या घरमालकालाही पावणंच म्हटलं, तेव्हा माझा भ्रम गेला. पुढे इतकी वर्षं मी तिथे काम केलं, पण 'पावणं'वरून पुढची बढती काही मला मिळाली नाही.

कार्यक्रम संपत आला की चाचा गेटवर जाऊन उभे राहायचे. स्टेजवर कुणाचा सत्कार चाललाय, फोटो निघतायत, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. निघणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन तीनच गोष्टी बोलायचे: "जेवलासा न्हवं? गाडी हाय न्हवं? पोचल्यावर फोन करा." आणि गंमत म्हणजे लोक खरंच फोन करायचे. कागलचे, गडहिंग्लजचे, निपाणीकडचे, ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत असे लोक "पोचलो बरं का" म्हणून कळवायचे. तो शेवटचा फोन आल्याशिवाय चाचा ऑफिसचं दार ओढून घ्यायचे नाहीत. मी वैतागून म्हणायचे, "चाचा, ही माणसं तुमची कोण लागतात हो?" त्यावर ते माझ्याकडेच नवलानं बघायचे. "आपल्या दारात आलती न्हवं आज?"

रमजानात चाचांचा रोजा असायचा, तरी पंगतीत वाढायला ते स्वतः उभे. तांबड्या रश्श्याचा नुसता वास घेऊन "मीठ कमी हाय" असं छातीठोकपणे सांगायचे. निम्म्या वेळा ते साफ चुकायचे आणि आचारी पातेल्याआड तोंड लपवून हसायचा. पण कुणी पाहुणा न जेवता गेला असं कळलं, की चाचांचा चेहरा पडायचा. मग त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

अशा या माणसाकडे एक दिवस शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे मोठे मालक आले. कारखान्याचा वर्धापनदिन होता आणि तो त्यांना गोव्यात करायचा होता. हॉटेलात नव्हे, यॉटवर. अख्खी यॉट भाड्यानं घ्यायची, डीलर लोक, जुने फोरमन आणि घरची मंडळी त्यात बसवायची आणि मांडवीच्या पात्रातून फिरवून आणायची. मी खुर्चीत ताठ बसले. एवढं मोठं काम आमच्या ऑफिसानं तोवर पाहिलंही नव्हतं. समुद्राचा माझा अनुभव गणपतीपुळ्यापुरता आणि चाचांचा त्याहून कमी, रंकाळ्यातल्या पायडलच्या बोटीइतका. तरी माझ्या डोक्यात निळे पडदे आणि पांढरी फुलं नाचायला लागली. चाचांनी मात्र त्यांचा ठरलेला प्रश्न टाकला, "माणसं घरला कशी जाणार?"

"तीच तर गंमत हाय," मोठे मालक पुढे सरकून म्हणाले. "मधनं कुणाला जाताच येणार न्हाय."

मग सगळा उलगडा झाला. मालकांना आता कारभारातून मोकळं व्हायचं होतं आणि आपली खुर्ची मुलीला, अनुजाला द्यायची होती. मुलगी हुशार, भट्टीपाशी उभं राहून काम शिकलेली. अडचण होती ती मालकांच्या धाकट्या भावाची. धाकटे मालक मनानं चांगले, पण रुसण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. मानाचा नारळ आधी दुसऱ्याला दिला म्हणून ते लग्नातून उठून गेलेले, भाषणात नाव राहिलं म्हणून सभेतून उठून गेलेले. स्वतःच्या साखरपुड्यातूनही ते एकदा चप्पल घालून निघाले होते, असं म्हणतात. आणि ते उठले की त्यांच्या मागून निम्मी माणसं उठणार, हे ठरलेलं. चारचौघांत काका न जेवता उठून गेले, तर त्या पोरीला कारखान्यात कोण मालकीण म्हणणार? म्हणून ही यॉट. चारी बाजूंनी पाणी, जाईल कुठं?

चाचांनी बशी खाली ठेवली. "मग मालक, कळंब्याच्या जेलातच करूया की कार्यक्रम. तिथनंबी कुणी उठून जात न्हाय, आन् स्वस्तात पडंल."

मी टेबलाखालून चाचांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि बोलत राहिले. "ज्येला जाता येत न्हाय त्यो पावणा न्हवं, कैदी हाय. मी कैद्यांची जेवणं घालत न्हाय. यॉट घेऊया, झकास घेऊया. पण तिच्या मागं एक ल्हान होडी बांधलेली पायजे, माणूस बसवून. ज्येला जायाचंय त्येला मी सोताच्या हातानं बसवून देणार. जमत असंल तर बघा, न्हायतर ह्ये काम मला नगं."

मालक जे उठले ते चहा न घेताच निघाले. त्या घराण्यात रुसायची कला फक्त धाकट्यांकडेच होती असं नाही, हे मला तेव्हा कळलं. हातातलं सोन्यासारखं काम चाललं म्हणून मी कपाळावर हात मारला. चाचा त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेले, दार उघडून दिलं आणि वर म्हणाले, "पोचल्यावर फोन करा." मी दोन तास त्यांच्याशी अबोला धरला. संध्याकाळी फोन आला. मालक दोनच वाक्यं बोलले. "पोचलो. बांधा तुमची होडी."

यॉट बघायला आम्ही पणजीला गेलो. कॅप्टन तरुण आणि मोठा हौशी होता. त्यानं आम्हाला वरचा डेक दाखवला, गाण्याची सोय दाखवली, सूर्यास्त कुठून छान दिसतो ते दाखवलं. चाचांनी सगळं बघून विचारलं, "मधनंच कुणाला उतरायचं असलं तर?" कॅप्टन म्हणाला, "अंकल, बीच में कोई नहीं उतरता. इमर्जन्सी असेल तरच." "इमर्जन्सी न्हवं हो, रुसवा," चाचा म्हणाले. रुसवा म्हणजे काय हे त्या कॅप्टनला समजावून सांगताना मला घाम फुटला. शेवटी त्यानं यॉटवरची छोटी मोटारबोट पाण्यात सोडून मागे बांधायचं कबूल केलं. असली मागणी आजवर कुठल्याही कंपनीनं केली नव्हती, असं तो तीनदा म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी आंबोली घाटातून बस खाली उतरल्या. मागच्या टेम्पोत तांबडा-पांढरा रस्सा भरलेले स्टीलचे मोठे डबे होते. धक्क्यावर प्रत्येकाला फेटा बांधला आणि मग नियमाप्रमाणे अंगात नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं. त्या वेशात डीलर लोक एकमेकांचे फोटो काढू लागले. यॉट पात्रात शिरली तसे वाऱ्यानं फेट्यांचे शेमले उडायला लागले आणि ज्याचा त्याचा शेमला शेजाऱ्याच्या तोंडावर बसायला लागला. चाचा एका हातानं कठडा धरून उभे. पायाखालची जमीन हलते हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं, पण नजर मागच्या छोट्या बोटीवर होती.

जेवणाआधी मोठ्या मालकांनी माइक घेतला. "आजपासनं फौंड्रीचा कारभार आमची अनुजा बघणार," एवढंच ते म्हणाले. टाळ्या वाजायच्या आधी सगळ्यांच्या माना धाकट्या मालकांकडे वळल्या. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि उठून उभे राहिले.

"बोट कडंला घ्या. मला उतरायचंय."

"कडंला कशाला?" वाढप सोडून चाचा पुढे आले. हातात पळी तशीच. "तुमची होडी तयार हाय की. या असं."

कोल्हापुरात माणूस रुसून उठला की दहा जण त्याचे हात धरतात, दोघे दारात आडवे होतात. ती पद्धतच आहे. इथे कुणी हात धरला नाही. चाचांनी मागच्या पायऱ्यांपाशी नेऊन धाकट्या मालकांच्या जॅकेटचा पट्टा नीट केला, हातात डबा दिला आणि म्हणाले, "जेवान बांधून दिलंय. धक्क्यावर गाडी हाय, थेट घरापातूर सोडंल. पोचल्यावर फोन करा." खाली बोटीचं इंजिन सुरू झालं. धाकटे मालक डबा घेऊन उभे. एकदा बोटीकडे बघितलं, एकदा मागे वळून बघितलं. कुणीतरी अडवावं म्हणून ते थांबलेत, हे अगदी लहान मुलालाही कळलं असतं. हे गेले की निम्मी माणसं पाठोपाठ उभी राहणार आणि अनुजाचा कारभार पहिल्याच दिवशी पाण्यात जाणार.

तेवढ्यात अनुजा गर्दीतून पुढे आली. तिनं चपला काढल्या, कठडा धरला आणि काकांच्या आधी पायरी उतरायला लागली.

"तू कुठं निघालीस?" धाकटे मालक दचकले.

"तुम्हाला सोडायला. घरातलं माणूस असं एकटं कसं पाठवू?"

"आन् कार्यक्रम?"

"थांबेल की, काका. मी परत येईपर्यंत थांबतील सगळे."

"थांबतील म्हणं!" धाकटे मालक एकदम खवळले. "एवढी माणसं बोलावलीस, ताटं वाढून झाली, आन् त्यास्नी उपाशी बसवून मला सोडाय येतीस व्हय? मालकिणीनं असं जायाचं असतंय? चल, हो माघारी!"

बोलून झालं आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मोठे मालक माइक हातात धरून लहान मुलासारखे रडत होते. धाकटे मालक पायरीवर तसेच उभे राहिले, हातातल्या डब्याकडे बघत. मग चाचांना म्हणाले, "पांढरा गरम हाय का?"

"गरम हाय," चाचा म्हणाले. "घेऊ ताट?"

त्या दिवशी धाकटे मालक भावाशी एक शब्द बोलले नाहीत, पण तीन वाट्या पांढरा प्यायले. धक्क्यावर उतरल्यावर अनुजा एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला उभे राहून प्रत्येकाला हात देत होते. परतीच्या बसमध्ये मी चाचांना खोदून खोदून विचारलं, "खरं सांगा, अनुजाला तुम्हीच शिकवून ठेवलं होतं ना?" चाचा घाटातल्या वळणांनी हैराण होऊन डोळे मिटून बसले होते. "मी कशाला शिकवू? सोडाय कोण उठतंय, ते बघायचं. ज्ये उठतंय ते घरचं."

मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि चाचांनी गारगोटीला मुलाकडे जायचं ठरवलं. ऑफिस माझ्या हवाली केलं. मी निरोपाचा कार्यक्रम करू म्हटलं तर हसून उडवून लावलं. "तू नगंस आखू. तू अजून स्टेजपासनं सुरू करतीस."

मी स्टँडवर सोडायला गेले. त्यांची पिशवी वर ठेवली, त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि खाली उभी राहिले. पण आपण बसायचं आणि दुसऱ्यानं उभं राहायचं, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "जा आता, ऊन हाय," असं चार वेळा म्हणून झालं आणि मग ते सरळ खाली उतरले. "चल, रिक्षापर्यंत सोडतो." मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला गेटपर्यंत चालवत नेलं, रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला "पावणं, दमानं न्या" असं बजावलं. तोवर त्यांची पिशवी घेऊन गारगोटीची एसटी आमच्या शेजारून बाहेर पडली. मी ओरडत तिच्यामागे धावले. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, कंडक्टरनं चाचांना दोन शब्द सुनावले, चाचांनी त्यालाही पावणं म्हटलं.

पायरीवर पाय ठेवताना ते पुन्हा मागे वळले. मी त्यांचा दंड धरून म्हटलं, "चाचा, बसा. आज सोडायला मी आले आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. "व्हय की," म्हणाले. "म्हंजे आता पावणा मीच की." आणि गपचूप जाऊन बसले. गाडी हलली तशी मी खिडकीकडे बघून ओरडले, "पोचल्यावर फोन करा!" सगळी एसटी हसली.

ऑफिसात आल्यावर माझं कशातच लक्ष लागेना. कामं उरकली, दिवे लागले, शेजारची दुकानं बंद झाली. दार उघडं ठेवून मी त्यांच्या खुर्चीत बसून राहिले. मग फोन वाजला.

"पोचलो," चाचा म्हणाले. "जेवलोबी. लाव आता दार."

मी फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. तशीच डोळे पुसत उठले आणि दार ओढून घेतलं.